जुने रॅक स्वस्तात मिळतायत, घेऊ का?

प्रश्न: कराडजवळ तासवडे एमआयडीसीत आमचा खाद्यतेल, साखर आणि साबणाच्या वितरणाचा व्यवसाय आहे. आतापर्यंत माल थप्प्या लावूनच ठेवत होतो. यंदा शेजारचा मोठा गाळा नऊ वर्षांच्या करारावर भाड्यानं घेतलाय. पत्र्यापर्यंत उंची साडेसहा मीटर आहे. त्यात 384 पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी) बसतील असे रॅक लावायचेत, एक थर जमिनीवर आणि वर तीन. सगळ्यात जड पॅलेट तेलाचं, 15 किलोचे 60 डबे. पुण्याच्या एका कंपनीनं नव्या रॅकचे उभारणीसकट 8 लाख 60 हजार अधिक जीएसटी सांगितलेत. दुसरीकडे, भिवंडीत एका ऑनलाइन विक्रीवाल्या कंपनीचं गोडाऊन बंद झालंय. तिथले रॅक एका व्यापाऱ्यानं उचललेत आणि तो 5 लाख 20 हजारांत द्यायला तयार आहे. खोलणं, गाडी आणि इथं उभं करणं आमच्याकडे, त्याचे 1 लाख 10 हजार होतील. फ्रेम (दोन-दोन खांबांचे उभे सांगाडे) साडेसात मीटरच्या आहेत. "कापून देतो, हवं तर रंग मारून देतो" म्हणाला. बीम (पॅलेट टेकतात त्या आडव्या तुळया) "दोन टनी" आहेत म्हणे. सासरे म्हणतात, लोखंड काय म्हातारं होतं का, घेऊन टाक. मला धीर होत नाही. रविवारपर्यंत 50 हजार टोकन मागतोय. काय करू?
– एक वाचक भगिनी, कराड

उत्तर:

नमस्कार ताई,

टोकन देऊ नका. निदान या रविवारी तरी नको. जुना माल वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही, पण तुम्ही जे विकत घेताय त्याचं वजन झेलण्याचं आश्वासन कोण देतंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. रॅक घेताना आपण लोखंड घेत नसतो. अमुक उंचीवर, अमुक वजन, इतकी वर्षं सुरक्षित राहील, या खात्रीचे पैसे देत असतो. ती खात्री कागदावर सहीनिशी मिळत असेल तर जुना रॅक घ्यायला माझी काहीच हरकत नाही. मिळत नसेल तर तो माल भंगाराच्या दरातच शोभतो.

आधी सासऱ्यांबद्दल, कारण त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. कोरड्या गोडाऊनमध्ये उभ्या असलेल्या रॅकचं लोखंड नुसत्या वयानं थकत नाही. दहा वर्षं जुनी, पण फोर्कलिफ्टचा एकही धक्का न खाल्लेली फ्रेम नवीइतकीच कामाची असते. रॅक मरतो तो धक्क्यानं, गंजानं आणि खोलण्या-बांधण्यानं. जमिनीपासूनच्या पहिल्या मीटरभरात फोर्कलिफ्टचे ठोसे बसतात. बेसप्लेटपाशी, म्हणजे खांबाच्या पायाखालच्या प्लेटपाशी, पाणी साचून गंज धरतो. आणि खोलताना पोरं वरून बीम सोडून देतात, ट्रकमध्ये साखळ्या आवळतात, तेव्हा जे वाकतं ते कुणी मोजत नाही. तुमचा माल खोलून सुमारे 300 किलोमीटर प्रवास करणार आहे, हे विसरू नका. व्यापाऱ्याच्या आवारात सरळ दिसलेली फ्रेम तासवड्यात सरळच उतरेल याची हमी कुणी घेत नाही.

आता त्या "दोन टनी" बीमकडे येऊ, कारण तुमचा सगळा निर्णय तिथेच अडलाय.

दोन टन म्हणजे कशाचे? बाजारात हा आकडा तीन अर्थांनी फेकला जातो. कुणी एका बीमची ताकद सांगतो, कुणी बीमच्या जोडीची, म्हणजे रॅकच्या एका गाळ्यातल्या (शेजारच्या दोन फ्रेममधली जागा) एका थराची, आणि कुणी चक्क अख्ख्या गाळ्याची, सगळे थर मिळून. तुम्हाला हवी ती जोडीची. तुमचा हिशेब असा: 60 डबे म्हणजे 900 किलो तेल. डब्यांचं आणि लाकडी पॅलेटचं वजन धरलं की जवळपास एक टन. 1200 मिलिमीटर रुंदीची दोन पॅलेट शेजारी ठेवायची, मध्ये आणि दोन्ही कडांना बोटभर जागा सोडायची, तर बीम 2700 मिलिमीटरचा लागतो. म्हणजे एका जोडीवर दोन टन, रोज, वर्षानुवर्षं.

भिवंडीच्या त्या गोडाऊनमध्ये काय होतं? ऑनलाइन विक्रीचा माल म्हणजे बूट, कपडे, डबे, खेळणी. पॅलेट दिसायला डोंगराएवढं, पण वजन बहुतेक वेळा चार-पाचशे किलोच्या आत. अशा मालासाठी कुणीही शहाणा माणूस जोडीला दोन टनांचे बीम घेत नाही, तो एक-सव्वा टनात भागवतो, कारण बीमवरच पैसे वाचतात. तिथे खरंच दोन टनी बीम असतीलही. पण माझा पहिला संशय असा, की तो आकडा गाळ्याचा आहे किंवा व्यापाऱ्यानं अंदाजे ठोकलाय.

हे तपासायचा सोपा मार्ग म्हणजे मूळ गोडाऊनमध्ये रॅकच्या टोकाला लावलेली वजनाची पाटी. प्रत्येक चांगला उत्पादक ती लावतो. तिच्यावर थराला किती, गाळ्याला किती, आणि पहिला बीम जमिनीपासून किती उंचीवर, हे सगळं लिहिलेलं असतं. व्यापाऱ्याकडे पाटी मागा, निदान उभ्या रॅकवरच्या पाटीचा फोटो मागा. "ती काढून टाकली" हे उत्तर आलं, तर बीमवरचा उत्पादकाचा शिक्का किंवा स्टिकर शोधा आणि बीमची उंची, रुंदी, जाडी मोजून त्याच कंपनीला विचारा. बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या बीमची ताकद सांगतात. काही सांगतात, पण "जुन्या मालाची जबाबदारी आमची नाही" असंही लिहून देतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

जाडी मोजताना एक गंमत लक्षात ठेवा. पावडर कोटिंगचा थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा असतो, दोन्ही बाजूंनी. म्हणजे 1.6 मिलिमीटरचा पत्रा मायक्रोमीटरमध्ये 1.75 च्या आसपास दिसतो आणि माणूस तो 1.8 म्हणून खुशाल विकतो. एका कोपऱ्यात रंग खरवडून उघड्या लोखंडावर मोजा. व्यापारी कुरकुरेल, कुरकुरू दे.

व्यापारी म्हणेल, "ताई, समोर दोन टन चढवून दाखवतो." चढवून दाखवेलही, आणि बीम तुटणारही नाही. पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. डिझाइन करताना वर राखीव ताकद ठेवलेली असते, कारण ड्रायव्हर पॅलेट आपटतो, एखादा डबा जास्त चढतो, बीम थोडा वाकतो. आज वजन पेललं याचा अर्थ राखीव ताकद शिल्लक आहे असा होत नाही. भरलेला बीम किती झुकतो हे मात्र जरूर पाहा. लांबीच्या दोनशेव्या भागापेक्षा जास्त झोक चालत नाही, म्हणजे 2700 च्या बीमला साडेतेरा मिलिमीटर. आणि वजन उतरवल्यावर तो जवळजवळ सरळ व्हायला हवा. रिकामा असतानाही बीमच्या पोटात झोक दिसला, तर त्यावर कधीतरी ताकदीबाहेरचं वजन पडून गेलंय. तो बाजूला काढा.

फ्रेमची गोष्ट वेगळी आहे, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. उभ्या खांबाची ताकद नुसत्या त्याच्या जाडीवर ठरत नाही, तो दोन बीमच्या मध्ये किती लांब मोकळा आहे यावरही ठरते. लहान फूटपट्टी टोकांवर दाबली तर वाकत नाही, लांब पटकन वाकते, तसंच हे. त्यामुळे "फ्रेम दहा टनी" या वाक्याला बीममधलं अंतर सांगितल्याशिवाय काडीचा अर्थ नाही. तुमचं पॅलेट डब्यांच्या तीन थरांसकट सव्वा मीटरच्या आसपास उंच होईल. वर हाताला जागा आणि बीमची स्वतःची उंची धरली की एक थर साधारण 1.45 मीटरचा. म्हणजे बीम 1.45, 2.9 आणि 4.35 मीटरवर. हे अंतर फार नाही, फ्रेमच्या दृष्टीनं तुमची मांडणी सोयीचीच आहे.

वजन किती येईल ते बघा. जमिनीवरचं पॅलेट जमिनीवरच बसतं, त्याचा भार फ्रेमवर नाही. वरचे तीन थर, प्रत्येकी दोन टन, म्हणजे रांगेच्या मधल्या एका फ्रेमवर सहा टन. फ्रेमला दोन खांब, म्हणजे एका पायाखाली तीन टन. ई-कॉमर्सवाल्यांच्या साडेसात मीटरच्या फ्रेमनंही पाच-सहा थरांचं हलकं वजन मिळून जवळपास तेवढंच झेललं असण्याची शक्यता आहे. तेव्हा त्या मालात फ्रेम कामाच्या निघतील आणि बीम नापास होतील, असं मला वाटतं. तुम्ही विचाराल, मग फ्रेम जुन्या घेऊन बीम नवे लावू का? हिशेबाला येतोच आहे, पण आधी कापण्याचं बोलू.

साडेसात मीटरची फ्रेम पाच मीटरची करायची तर वरून कापावी लागते. खालून कधीच नाही, कारण बेसप्लेट खाली असते आणि ब्रेसिंग, म्हणजे दोन खांब जोडणाऱ्या तिरप्या-आडव्या पट्ट्या, खालून ठरावीक क्रमानं लावलेलं असतं. वरून कापल्यावर शेवटचं ब्रेसिंग अर्ध्यात लोंबकळत नाही ना, वरचं टोक आडव्या पट्टीनं बंद होतं का, आणि काप भोकांच्या ओळीच्या मधोमध नाही ना, हे पाहायला हवं. काप करवतीनं हवा, गॅस कटरनं नको. रॅकचे खांब गार अवस्थेत वळवलेल्या पत्र्याचे असतात, ज्योत लावली की त्या जागेचा कणखरपणा आणि गंजरोधक थर दोन्ही जातात. याच कारणानं "दोन तुकडे वेल्डिंगनं जोडून उंची वाढवून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी पुढचं बोलणंच करू नका. कापायला माझा विरोध नाही, पण ते काम कुणाच्या नकाशाप्रमाणे होतंय हे आधी कळायला हवं.

"हवं तर रंग मारून देतो" हे ऐकल्यावर मात्र मी लगेच सावध होतो. जुन्या रॅकवर नवा रंग म्हणजे ठेचा, गंज आणि वेल्डच्या केसाएवढ्या भेगा झाकायची सोय. माल जसा आहे तसा, रंग न मारताच बघा. रंग नंतर तुम्ही द्या, स्वस्तात होतो.

प्रत्यक्ष बघायला जाताना एक मीटरची लोखंडी सरळ पट्टी आणि पट्टी आणि खांब यांच्यातली फट मोजायचा फीलर गेज न्या. युरोपात रॅकच्या देखभालीसाठी ईएन 15635 हे मानक आहे, आपल्याकडच्या चांगल्या कंपन्याही त्याच हिशेबानं तपासणी करतात. ही पट्टी वाकलेल्या जागी मध्यभागी येईल अशी खांबाला टेकवायची. खांब बीमच्या दिशेनं, म्हणजे रांगेच्या लांबीत वाकला असेल तर 5 मिलिमीटरपर्यंत चालतं. रॅकच्या खोलीच्या दिशेनं, म्हणजे फोर्कलिफ्टनं समोरून ठोकल्यावर तो आत जातो त्या दिशेनं, फक्त 3. ब्रेसिंगच्या पट्टीला 10. चालू गोडाऊनमध्ये यापेक्षा जास्त निघालं तर गाळा एकदा रिकामा झाला की दुरुस्ती होईपर्यंत तिथे माल चढवायचा नसतो, आणि दुपटीच्या वर गेलं तर तो त्याच क्षणी उतरवायचा असतो. खरेदीत इतकी दयामाया कशाला? मर्यादेबाहेरचं ते नापास. हातोड्यानं ठोकून सरळ केलेला खांबही नापास. ठोकल्याच्या जागी हात फिरवला की लाटा लागतात, डोळ्यांपेक्षा हाताला ते आधी कळतं.

मग बीमची टोकं बघा. टोकाला जी पट्टी असते, तिच्यावरच्या आकड्या खांबाच्या भोकात अडकतात. आकड्या वाकलेल्या, झिजलेल्या आहेत का? बीम आणि पट्टी यांच्या वेल्डवर बारीक काळी रेघ दिसते का? खांबाच्या भोकांची तोंडं फाटून लांबट झालीत का? यातलं काहीही दिसलं तर तो नग नको. बेसप्लेटखालचा भाग पलटून बघा, गंज पोपडे धरतोय की नुसता तांबूस डाग आहे. आधी त्या रॅकवर काय ठेवलेलं होतं हेही विचारा. मीठ, खत किंवा रसायनं असतील तर मी तरी पुढे जाणार नाही.

आणखी एक फसगत इथेच होते. व्यापाऱ्याच्या आवारात दोन-तीन ठिकाणचा माल एकत्र पडलेला असतो. निळे खांब, केशरी बीम, सगळं सारखंच दिसतं. पण भोकांमधलं अंतर कुणाचं 50 मिलिमीटर, कुणाचं 75, आणि आकडीचा आकार प्रत्येक कंपनीचा निराळा. एका कंपनीचा बीम दुसरीच्या खांबात कधीकधी बसतोही, थोडा ठोकून. तोच प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो बसला असं वाटतं. तुम्हाला सहा रांगांत मिळून 48 गाळे, 54 फ्रेम आणि 288 बीम लागतील. सगळे एकाच कंपनीचे, एकाच मालिकेचे हवेत, हे मोजून घ्या. फ्रेमची खोलीही मोजा. तुमचं पॅलेट 1000 मिलिमीटर खोल असेल तर ते पुढच्या-मागच्या दोन्ही बीमवर नीट टेकून थोडं बाहेर यायला हवं, बीमच्या आत अडकायला नको.

सेफ्टी पिन हा विषय कुणीच काढत नाही. बीमच्या प्रत्येक टोकाला एक छोटी पिन असते. खालून वर उचलताना फोर्क लागून बीम खांबातून सुटू नये म्हणून ती असते. जुन्या मालात निम्म्या पिना गायब असतात. तुम्हाला 576 पिना लागतील, आणि त्या नव्याच घ्या. जमिनीतले अँकर बोल्टही नवेच. काढलेला अँकर पुन्हा वापरायचा नसतो.

जमिनीवरून आठवलं. एका पायाखाली तीन टन, तेही तळहाताएवढ्या प्लेटवर. गोडाऊनची फरशी ट्रिमिक्स काँक्रीटची (यंत्रानं जादा पाणी शोषून घट्ट केलेल्या काँक्रीटची) आहे का, किती जाडीची, खाली भराव नीट दाबलाय का, हे मालकाकडून लेखी मागा. पेव्हर ब्लॉक किंवा पातळ कोबा असेल तर नवा रॅकही तिथे उभा करू नका, आधी फरशीचं बघा. आणि अँकरसाठी ड्रिल करायची परवानगी करारात घालून घ्या, नऊ वर्षांनी तेच भांडण निघतं.

कराडकरांना कोयनेबद्दल मी काय सांगणार? 11 डिसेंबर 1967 चा भूकंप तुमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतो, आणि कोयना परिसरात लहान धक्के आजही जाणवतात. आयएस 1893 या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या नकाशात भिवंडी भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात आणि कोयनानगर चौथ्या. भिवंडीसाठी आखलेला रॅक तुमच्याकडे उभा करताना आडव्या धक्क्याचा हिशेब नव्यानं करावाच लागतो. रॅक पडतो तो बहुधा सरळ खाली बसून नव्हे, बाजूला झुकून. आणि एक रांग दुसरीवर कलली की थांबवणं कुणाच्या हातात राहत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये ब्राझीलमधल्या साओ लुइस शहरात एका घाऊक सुपरमार्केटमध्ये असंच झालं, काही सेकंदांत रांगांमागून रांगा कोसळल्या आणि तिथे काम करणारी एक तरुण मुलगी दगावली. तिथे भूकंपबिंकंप काही नव्हता.

आता पैशांचं. जुन्याचे 5 लाख 20 हजार, त्याशिवाय खोलणं-आणणं-उभारणीचे तुमचे 1 लाख 10 हजार. वर नव्या पिना, सव्वादोनशेच्या आसपास अँकर, कोपऱ्यांच्या खांबांना लोखंडी गार्ड, रांगा पाठीला पाठ जोडणारे स्पेसर, नापास निघालेल्या पाच-सहा फ्रेम आणि काही बीम बदलायचे, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब व नकाशा. हे सगळं मी अंदाजे 90 हजार धरतो. एकूण 7 लाख 20 हजार. नव्याशी फरक उरतो 1 लाख 40 हजारांचा, म्हणजे पॅलेटमागे साधारण 365 रुपये, तेही नऊ वर्षांत. तेलाचा भाव 140 रुपये किलो धरला तर एका पॅलेटवर सव्वा लाखाचं तेल असतं. म्हणजे तुमची सगळी बचत एका पॅलेटएवढी. आणि हे बीम पास झाले तर! नापास झाले आणि नवे घ्यावे लागले, तर फरक उलटा तुमच्या अंगावर येईल, कारण अशा रॅकच्या किमतीत बीमचाच वाटा मोठा असतो. फ्रेम जुन्या, बीम नवे, हा मधला मार्ग म्हणूनच मला तुमच्या बाबतीत पटत नाही. व्यापारी नुसत्या फ्रेम मातीमोल दरात देणार असेल तरच त्याचा विचार करा.

कराचं एक सांगतो, बाकी तुमच्या सीएंना विचारा. नव्याच्या बिलावर 18 टक्क्यांनी 1 लाख 54 हजार 800 रुपये जीएसटी लागेल, पण तुम्ही जीएसटी भरता, तेव्हा तो बहुधा वळता होईल. जुन्या मालाचे काही व्यापारी फक्त आपल्या नफ्यावर कर भरतात, त्यात तुम्हाला वळतं काही मिळत नाही. आणि "बिल नको असेल तर आणखी कमी करतो" हे वाक्य ऐकू आलं तर लक्षात घ्या, त्या किमतीची गाडी ई-वे बिलाशिवाय रस्त्यावर काढणं म्हणजे वाटेत अडकायची तयारी, आणि कच्च्या पावतीवर ना घसारा मिळतो ना कर्ज. जुन्या मालावर कर्ज देताना बँक चार्टर्ड इंजिनिअरचं मूल्यांकन मागते, तो खर्च आणि वेळही धरा.

तेव्हा माझं मत: तुमच्या वजनाला, तुमच्या उंचीला आणि नऊ वर्षांच्या कराराला नवा रॅक. करार दोन-तीन वर्षांचा असता, माल चारशे किलोच्या आतला असता, किंवा तुमच्याकडे आधीपासून त्याच कंपनीचे रॅक असते आणि चार गाळे वाढवायचे असते, तर मी उलट सांगितलं असतं. साबणाचे फुटके बॉक्स, सुटा माल, ऑर्डरप्रमाणे वेचायचा माल हातानं ठेवायला तुम्हाला शेल्फ लागतीलच. ते जुने बिनधास्त घ्या, त्याच व्यापाऱ्याकडून घ्या, त्याच्याकडे असा माल ढिगानं असतो.

पण नवं म्हणजे आपोआप चांगलं, असं नाही. गावातल्या फॅब्रिकेटरनं अँगल आणि सी-चॅनल वेल्ड करून बनवलेला, हिशेब नसलेला नवा रॅक नामांकित कंपनीच्या जुन्या रॅकपेक्षा धोक्याचा. पुण्याच्या कंपनीकडून इतकं लेखी घ्या: खांब आणि बीमच्या पत्र्याची जाडी आणि ग्रेड, बीमच्या जोडीला दोन टनांचा हिशेब, कराडच्या भूकंपाचा विचार केलाय का, पिना, अँकर आणि गार्ड किमतीत धरलेत का, आणि वजनाची पाटी मराठीत. मराठीत यासाठी की ती वाचायची आहे तुमच्या स्टॅकर (पॅलेट उचलून वर चढवणारं यंत्र) चालवणाऱ्या मुलाला, तुम्हाला नाही. त्या स्टॅकरचंही बघून घ्या. त्याच्यावर लिहिलेले दीड टन खालच्या उंचीचे असतात, साडेचार मीटरवर तो किती उचलतो त्याचा तक्ता वेगळा असतो.

पैशांची ओढ असेल तर सहाही रांगा एकदम घेऊ नका. चार आत्ता, दोन पुढच्या वर्षी, त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतल्या, आणि त्यांचा भाव आत्ताच्या कोटेशनमध्येच बांधून घ्या. तोपर्यंत साखरेची पोती नेहमीसारखी थप्पीला राहू द्या. हलक्या मालासाठी एखादी रांग हलक्या बीमची करून आणखी वाचवता येतं, असं कुणी सुचवेल. मी तसं करणार नाही. दिवाळीच्या आधी गाडी रात्री अकराला लागते, जागा मिळेल तिथे पॅलेट चढतं, आणि तेलाचं पॅलेट नेमकं साबणाच्या रांगेत जातं.

सासऱ्यांना पटवायचं असेल तर रविवारी त्यांना घेऊन भिवंडीला जा. सोबत सरळ पट्टी, मायक्रोमीटर आणि एखादा इंजिनिअर न्या. व्यापाऱ्याला आजच फोन करून सांगा: बीमच्या जोडीला दोन टन हे तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या, मूळ नकाशा आणि पाटीचा फोटो पाठवा, आणि मालातला हवा तो नग मी निवडून बाजूला काढणार. एवढ्या तीन गोष्टींना तो हो म्हणाला, तर मला परत लिहा, मग भावाचं बोलू. नाही म्हणाला तर सोमवारी पुण्याला फोन लावा आणि उभारणीची तारीख पक्की करताना पाच टक्के रक्कम शेवटची तपासणी होईपर्यंत हातात राखून ठेवा.